निर्मळ पाऱ्याची गोष्ट

आमच्या घरी ताक कधी बिनकल्हईच्या पितळी भांड्यात राहिले नाही. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि चिंधीने असा हात मारायचा की काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे लखलखू लागे. भांडे तेच, पितळही तेच. पण कल्हई उडाली की ताक कळकलेच म्हणून समजावे. धातूचे बरेवाईट त्याच्या पृष्ठभागावर ठरते, हे आमच्या आजीला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

कल्हईवाल्याची आठवण झाली ती क्वांटम संगणकामुळे. गेली काही वर्षे या यंत्राची वर्णने वाचून आपण सगळेच थोडेफार दिपून गेलो आहोत. आजच्या महासंगणकांना न झेपणारी काही गणिते ते चुटकीसरशी सोडवील, नव्या औषधांचे रेणू कागदावर मांडून दाखवील, असे सांगितले जाते. मग अडले कुठे? या प्रश्नामागे मी लागलो, तेव्हा उत्तर ऐकून गंमत वाटली. बरेचसे अडले आहे ते धातूवर चढलेल्या, काही अणूंइतक्या जाडीच्या पुटापाशी! आणि हे वाचताना मला राहून राहून एका डच प्राध्यापकाची आठवण येत होती. क्वांटम संगणक हा शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. १९२६ साली ते वारले. पण धातूतल्या मळाशी त्यांनी जन्मभर जे वैर धरले, त्याच वैराच्या वाटेवर त्यांना विसाव्या शतकातला एक मोठा शोध लागला. हाइके कामरलिंग ओनेस हे त्यांचे नाव.

२१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. भट्टी, माती, आच यांची भाषा घरातच कानावर पडलेली. कच्चा माल चांगला नसेल तर भट्टी कितीही पेटवा, वीट ठिसूळच निघणार, हे त्या घरात वेगळे शिकवावे लागले नसेल. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात शिकून हा मुलगा जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेला. तिथे बुन्सेन आणि किरखोफ या दोन दिग्गजांच्या हाताखाली त्याने प्रयोगाची शिस्त अंगी बाणवली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचे लंबकाच्या साहाय्याने नवे पुरावे देणारा प्रबंध लिहून १८७९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. १८८२ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ओनेस लायडन विद्यापीठात प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापक झाले. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी आपला बाणा सांगून टाकला : ज्ञानाची वाट मोजमापातून जाते. हे तत्त्व प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर कोरून ठेवावे, असे त्यांना वाटे.

त्या काळी त्यांच्याच देशातल्या व्हान डर वाल्स यांनी वायू आणि द्रव यांच्या वागण्याविषयी एक सुंदर उपपत्ती मांडली होती. ती खरी की खोटी, हे ठरवायचे तर वायू अतिशय थंड करून, त्यांचे द्रव बनवून, अचूक मोजमापे घ्यायला हवी होती. ओनेस यांनी ते काम अंगावर घेतले आणि पाहता पाहता त्यांची प्रयोगशाळा कारखान्यासारखी दिसू लागली. पंप, नळ्या, झडपा, दाबयंत्रे! या सगळ्यांसाठी निष्णात हात हवेत, आणि ते बाजारात मिळत नाहीत, हे त्यांनी लवकर ओळखले. म्हणून त्यांनी उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांना शिक्षण देण्याची सोय प्रयोगशाळेतच केली. १९०१ मध्ये तिला रीतसर संस्थेचे रूप आले. निळे अंगरखे घालणारी ही पोरे सगळीकडे निळी पोरे म्हणून ओळखली जात. लायडनची ती शाळा आजही चालू आहे. मुख्य तंत्रज्ञ खेरिट फ्लिम आणि काच फुंकणारे ऑस्कर केसेलरिंग हे ओनेस यांचे उजवे-डावे हात. लंडनमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी होते जेम्स ड्यूअर. आपण ज्याला थर्मास म्हणतो त्या दुहेरी भिंतीच्या भांड्याचे जनक. हाताचे विलक्षण कसबी, पण एकांडे आणि भांडखोर. ओनेस यांनी मात्र माणसांची फळी उभी केली. पुढे फरक पडला तो इथे.

मध्येच एक विघ्न आले. १२ जानेवारी १८०७ रोजी लायडनच्या भरवस्तीत, कालव्यात नांगरलेल्या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन दीडशेच्या आसपास माणसे मेली होती. ओनेस यांची प्रयोगशाळा नेमकी त्याच उद्ध्वस्त जागेवर उभी होती. इथे वायू प्रचंड दाबाखाली साठवले जातात हे कळताच नगरपालिका हादरली. १८९५ मध्ये प्रकरण सरकारपर्यंत गेले, चौकशी समिती बसली आणि थंडीचे काम बंद पडले. समितीत स्वतः व्हान डर वाल्स होते. प्रतिस्पर्धी ड्यूअर यांनीही ओनेस यांच्या बाजूने पत्र लिहिले, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारेच. तरी परवानगी मिळायला १८९८ उजाडले. त्याच वर्षी ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप करून दाखवला. ओनेस मागे पडले होते. पण त्यांनी घाई केली नाही. हायड्रोजनसाठी त्यांना १९०६ पर्यंत थांबावे लागले. मात्र तो बनवला तो चमचाभर नव्हे, तर पुढच्या कामाला लिटरच्या मापाने पुरेल असा.

आता एकच वायू उरला होता : हेलियम. याची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला युरोपातले निरीक्षक भारतात आले होते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याची नाही, हे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांच्या ध्यानात आले. आपल्याकडे विजयदुर्गच्या किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवतात आणि हेलियम इथे सापडला असे अभिमानाने सांगतात. लॉकियर विजयदुर्गला आले हे खरे, पण ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्से यांना १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातही हेलियम सापडून गेला होता. असो. अभिमान थोडा सरकवून घ्यावा लागला तरी कट्टे आपलेच आहेत.

हेलियम मिळणे फार कठीण होते. आपल्या केरळच्या किनाऱ्यावर असते तशी मोनाझाइटची वाळू तापवली की त्यातून थोडाथोडा हेलियम निघतो. ओनेस यांचे बंधू व्यापारविषयक सरकारी कचेरीत होते. त्यांच्या खटपटीने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाहून वाळू आली. ती भाजून, मिळालेला वायू पुन्हा पुन्हा शुद्ध करून, सुमारे २०० लिटर हेलियम जमला. इथेही शुद्धता हा जिवाचाच प्रश्न होता. वायूत हवेचा किंवा हायड्रोजनचा अंश राहिला, तर त्या थंडीत तो गोठून बारीक झडप चोंदवणार आणि सगळा दिवस फुकट जाणार.

तो दिवस १० जुलै १९०८. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा तयार ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन हाती आला. ओनेस यांना जेवायलाही फुरसत नव्हती, तेव्हा त्यांच्या पत्नीने प्रयोगशाळेत येऊन पावाचे घास भरवले. चार वाजून वीस मिनिटांनी हेलियम यंत्रातून फिरू लागला. दाबलेला वायू बारीक झडपेतून एकदम मोकळा सोडला की तो आणखी थंड होतो. पण हेलियमच्या बाबतीत हे घडते ते आधीच तो हायड्रोजनच्या थंडीत बुडालेला असेल तरच. संध्याकाळचे सात वाजून गेले, हायड्रोजनची शेवटची बाटली जोडली गेली, तापमान एका जागी अडून बसले आणि काचेत तर काहीच दिसेना. पाहायला आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्क्राइनेमाकर्स यांनी सुचवले की भांड्याला खालून उजेड दाखवावा. तसे करताच द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसला. भांडे कधीच भरू लागले होते! जेमतेम ६० घनसेंटिमीटर, म्हणजे अर्धा कप चहाइतका द्रव, आणि तापमान शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस. पुढे १९२३ पर्यंत, पंधरा वर्षे, जगात हा द्रव फक्त लायडनमध्ये मिळत होता.

आता या कथेतला खरा प्रश्न येतो. धातू थंड करत गेले की त्यातून वीज अधिकाधिक सहज वाहते, हे माहीत होते. पण निरपेक्ष शून्यापाशी काय होईल? लॉर्ड केल्विन यांचा कयास होता की इलेक्ट्रॉनही गोठतील आणि वीज वाहणेच थांबेल. ओनेस यांनी प्लॅटिनम आणि सोन्याच्या तारा द्रव हेलियमच्या थंडीत मोजून पाहिल्या. रोध कमी कमी होत एका पातळीवर येऊन थांबला, आणखी उतरेना. सोने जितके शुद्ध, तितकी ही पातळी खाली. उरलेला अडथळा धातूचा नव्हे, त्यातल्या भेसळीचा आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. मग सर्वांत शुद्ध धातू कोणता? सोने बावनकशी म्हटले तरी त्यात हिणकस अंश राहतोच. पारा मात्र पाण्यासारखा उकळून, वाफ करून, पुन्हा थंड करून हवा तितक्या वेळा गाळता येतो. केसेलरिंग यांनी काचेच्या केसासारख्या बारीक, वळवलेल्या नळ्या बनवल्या. गाळलेला पारा त्यात भरला. थंडीत तो गोठला की झाली पाऱ्याची तार.

८ एप्रिल १९११ रोजी प्रयोग झाला. थंडीचे यंत्र फ्लिम सांभाळत होते, तापमानाचे मोजमाप दोर्समान यांच्याकडे, आणि दूरच्या खोलीत रोध मोजायला खिलेस होल्स्ट. पाऱ्याचा रोध मोजता येईना, इतका तो नाहीसा झाला होता! कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या असाव्यात, हीच शंका कोणालाही आधी येईल. पुन्हा तपासले. मे महिन्यातल्या प्रयोगात आणखी नवल दिसले. रोध हळूहळू उतरत नव्हता. सुमारे ४.२ केल्विनपाशी एकाएकी कडा कोसळावा तसा तो कोसळत होता. ओनेस यांनी अपेक्षा केली होती हळुवार उताराची. ही धातूची एक नवीच अवस्था निघाली. तिला आज आपण अतिसंवाहकता म्हणतो.

यापुढचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तो नायकाची थोडी फजिती करतो. पाऱ्यात मुद्दाम भेसळ करून पाहिली, तरी तो अतिसंवाहक झालाच! १९१२ च्या डिसेंबरात कथील आणि शिसे यांतही तोच चमत्कार दिसला. कथील म्हणजे आमच्या कल्हईवाल्याचेच. ज्या शुद्धतेसाठी एवढा अट्टहास केला, तिची या कामाला तेवढी गरजच नव्हती. पण शुद्धतेचा हट्ट नसता तर पाऱ्याकडे कोणी वळलेच नसते, हेही तितकेच खरे. १९१४ मध्ये शिशाच्या वेटोळ्यात सोडलेली वीज कोणत्याही बॅटरीशिवाय तासन् तास फिरत राहिली. मधल्या काळात, १९१३ साली, नोबेल पारितोषिकही मिळाले. अतिसंवाहक तारेचे प्रचंड लोहचुंबक बनवायचे त्यांचे स्वप्न मात्र विरले, कारण चुंबकीय क्षेत्र थोडे वाढताच अतिसंवाहकता मोडून पडत होती. ते स्वप्न साकार करणारे मिश्रधातू त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी आले. आज रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रात ते काम करतात.

माणूस म्हणून ओनेस प्रेमळ, आतिथ्यशील, पण घरातल्या कर्त्या वडिलांसारखे हुकूम सोडणारे. १९११ च्या शोधनिबंधावर त्यांचे एकट्याचेच नाव आहे. दूरच्या खोलीत काटा पाहणाऱ्या होल्स्ट यांचे नाही. त्या काळची रीतच तशी होती असे म्हणता येईल, पण वाचताना खटकते खरे. होल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. याच ओनेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात व नंतर उपासमारीने गांजलेल्या देशांतल्या मुलांसाठी मदत उभी केली आणि शत्रुराष्ट्रांच्या वैज्ञानिकांत समेट घडवायला धडपड केली. प्रकृती जन्माची नाजूक. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते गेले. अंत्ययात्रेला उशीर झाल्याने घोडागाडी भरधाव निघाली आणि मागून पायी चालणाऱ्या कारागिरांची तारांबळ उडाली. म्हातारबाबा गेले तरी आम्हाला पळवतातच, असे त्यांना वाटले, अशी आठवण लायडनमध्ये सांगत. हेलियम घट्ट गोठवायचे त्यांचे राहिलेले काम त्याच वर्षी, त्यांच्यामागे काही महिन्यांनी, केसोम यांनी पुरे केले.

आता पुन्हा क्वांटम संगणकाकडे. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला एक प्रमुख प्रकार ओनेस यांच्या शोधावर उभा आहे. अतिसंवाहक धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये अतिशय पातळ अडसर, हा त्याचा गाभा. या रचनेविषयीचे भाकीत १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन यांनी केले. असे अख्खे विद्युत-मंडल एखाद्या अणूसारखे क्वांटम नियमांनी वागते, हे १९८४-८५ मध्ये क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांनी दाखवले आणि २०२५ चे नोबेल त्यांना मिळाले. अशा मंडलापासून जो घटक बनतो त्याला क्यूबिट म्हणतात. साधा संगणक शून्य किंवा एक यांतले काहीतरी एक धरून ठेवतो. क्यूबिट दोन्हींचे नाजूक मिश्रण सांभाळतो. ते सांभाळायला निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी थंडी लागते. ती देणारे, हेलियमच्या दोन प्रकारांच्या मिश्रणावर चालणारे शीतकयंत्र प्रथम १९६४ मध्ये चालले ते लायडनमध्येच, ओनेस यांचे नाव दिलेल्या प्रयोगशाळेत.

आणि गंमत बघा. ओनेस यांच्या वेटोळ्यातली वीज तासन् तास फिरत राहिली, कारण अतिसंवाहक धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एका लयीत चालतात. वाटेतला एखादा परका अणू त्यांना अडवू शकत नाही. पण त्याच प्रकारच्या धातूतले क्यूबिटचे मिश्रण सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागातच विसकटते. क्यूबिटमधली ऊर्जा इतकी अत्यल्प असते की ती शोषून घ्यायला एक चुकार अणूही पुरे. हे चुकार अणू बसलेले असतात धातूच्या अंगावर. ॲल्युमिनियम किंवा नायोबियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो. त्याची रचना स्फटिकासारखी शिस्तीची नसते, काचेसारखी विस्कळीत असते. त्यातले काही अणू दोन जागांमध्ये डळमळतात आणि डळमळताना क्यूबिटची ऊर्जा पिऊन टाकतात. २००५ च्या सुमारास हा चोर नीट ओळखला गेला. पापुद्रा पुरता काढूनही चालत नाही, कारण क्यूबिटच्या पोटातला तो अडसरच ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, एकदोन नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे हवा तिथे तो निर्दोष हवा, आणि नको तिथे मुळीच नको.

यावर उपाय चालले आहेत ते कल्हईवाल्याच्या जातीचे. नायोबियमऐवजी टँटलम वापरून पाहिला. याचा ऑक्साइड अधिक शिस्तीचा असतो, आणि हा धातू जहाल आम्लाने धुतला तरी टिकतो. १९९९ मध्ये जपानमध्ये पहिला असा क्यूबिट हाती आला तेव्हा त्याचे आयुष्य नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे लागे. अमेरिकेत प्रिन्स्टनला टँटलमने २०२१ मध्ये ते मिलिसेकंदाच्या तीनदशांशापलीकडे नेले. २०२५ मध्ये, टँटलमखालचा तळ नीलमाऐवजी अतिशुद्ध सिलिकॉनचा घेतल्यावर, ते एका मिलिसेकंदापुढे गेले. लाखो पटींची ही वाढ! तिच्यातला मोठा वाटा चांगल्या रचनेचा, आणि अलीकडचा बराचसा वाटा चांगल्या, स्वच्छ मालाचा. आपल्याकडेही २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी पुरी केल्याचे जाहीर झाले. कुलाब्यातही, म्हणजे, धातूच्या या पुटाशी गाठ आहेच.

ओनेस यांना वाटले होते की धातू पुरेसा शुद्ध केला तर वीज विनाअडथळा वाहील. त्यांच्या पाऱ्याच्या बाबतीत तो तर्क चुकला. निसर्गाने भेसळीकडे काणाडोळा करून त्यांना बक्षीस दिले. शंभर वर्षांनी, त्यांच्याच शोधावर नवे यंत्र उभे राहत असताना, निसर्ग ती सवलत परत घेतो आहे. क्वांटम संगणक कधी घडेल ते गणिती सांगतीलच. पण तो घडवताना रोजचे काम आहे ते घासण्याचे, धुण्याचे, तापवण्याचे आणि पुन्हा मोजून पाहण्याचे. निळ्या अंगरख्यातल्या पोरांना ते ओळखीचे वाटले असते. लायडनच्या त्या जुन्या इमारतीत आता कायद्याचे शिक्षण चालते. आमच्या गल्लीतही कल्हईवाला बरीच वर्षे फिरकला नाही. माळ्यावर आजीचे एक पातेले अजून आहे, कल्हई उडालेले. परवा काढून पाहिले आणि पुसून पुन्हा ठेवून दिले.